मातेच्या दुधातील न पचणारी साखर

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी ऐकू येते. ही समजूत आपल्याच पदरची आहे असे मात्र नव्हे. प्राचीन ग्रीसमध्ये हिपॉक्रॅटिसच्या नावावर मोडणाऱ्या वैद्यकग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातही अशा मुलाविषयी हेच भाकीत केले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे टिकून राहिलेल्या ह्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पदरी पडलेला लाभच असतो, आणि आठव्या महिन्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. समजुतीत सत्याचा अंश असेल तर तो एवढाच, की दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या जीवाचा काही भरवसा नसे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलास वैद्यकात अकालजात म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली आणि त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. म्हणजे हा प्रश्न कोठल्या तरी दूरच्या रुग्णालयातला नव्हे. प्रत्येक मोठ्या गावात, प्रत्येक नात्यागोत्यात, 'बाळ पेटीत ठेवले आहे' हे वाक्य कधी ना कधी उच्चारले गेलेले असते.

पेटीत ठेवलेल्या ह्या मुलांची पहिली झुंज श्वासाची असते. गेल्या काही दशकांत श्वासयंत्रे सुधारली, फुप्फुसांतील बारीक पोकळ्या मिटू न देणारे औषध हाती आले, आणि पूर्वी ज्यांची आशा कोणी धरली नसती अशी किलोभर वजनाची मुलेही वाचू लागली. बाळ हळूहळू स्थिरावते. नाकातोंडावाटे पोटात सोडलेल्या नळीतून थोडेथोडे दूध घेऊ लागते. काट्यावर दहा ग्रॅम वाढ दिसली की पेटीबाहेर उभ्या असलेल्या आईचा चेहरा उजळतो. आणि अशा वेळी, बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या आठवड्यात, सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच, एखाद्या पहाटे परिचारिकेच्या ध्यानात येते की बाळाचे पोट तट्ट फुगले आहे, नळीतून हिरवट पित्त उलटत आहे आणि मलात रक्त आहे. क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले की आतड्याच्या भित्तीतच वायूचे बुडबुडे दिसतात.

ह्या रोगाचे वैद्यकीय नाव 'नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस'. इतके लांबलचक नाव घेण्यास सवड नसलेले डॉक्टर त्यास 'एन. ई. सी.' म्हणतात. आतड्याच्या भित्तीला दाह होऊन तिचा काही भाग जिवंतपणीच मरून जाणे, हे त्याचे स्वरूप. जन्मतः दीड किलोहून कमी वजन असलेल्या दर शंभर मुलांपैकी पाच ते दहा मुलांना तो गाठतो, आणि ज्यांना गाठतो त्यांतील सुमारे चौथा हिस्सा दगावतो. काहींच्या आतड्याचा मेलेला तुकडा शस्त्रक्रियेने कापून काढावा लागतो. ती मुले वाचली तरी पुढे अन्न नीट अंगी लागण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागते.

ह्या रोगाचे कारण एकच एक असे नाही. परंतु त्याचा आणि दुधाचा संबंध मात्र फार पूर्वीच ध्यानात आला. १९९० साली लूकस आणि कोल ह्या ब्रिटिश संशोधकांनी ९२६ अकालजात मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. केवळ वरच्या दुधावर, म्हणजे डब्यातील भुकटीच्या दुधावर ठेवलेल्या मुलांत हा रोग केवळ मानवी दुधावर ठेवलेल्या मुलांपेक्षा सहा ते दहा पट अधिक आढळला. असा फरक औषधांच्या बाबतीतही क्वचितच पाहावयास मिळतो. मग मानवी दुधात असे आहे तरी काय? रोगांशी लढणारी प्रतिपिंडे आहेत, लोह बांधून ठेवणारे लॅक्टोफेरिन आहे, जिवंत पेशी आहेत. ह्या सर्वांची कीर्ती बरीच झाली. ज्या घटकाकडे बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही तो घटक म्हणजे दुधातील साखर. तीही दुधाला गोडी आणणारी नव्हे, तर बाळाला मुळीच न पचणारी.

ह्या साखरेचा शोध लागला तो आडवाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील शहरांत तान्ह्या मुलांचा मृत्यू ही नित्याची गोष्ट होती, आणि आईच्या दुधावरील मुले वरच्या दुधावरील मुलांपेक्षा अधिक जगतात हे डॉक्टरांना उघड दिसत होते. थिओडोर एशेरिख ह्या बालरोगतज्ज्ञाने १८८६ साली अर्भकांच्या आतड्यांतील जंतूंवर ग्रंथ लिहिला आणि पचनाशी त्यांचा संबंध असला पाहिजे असे प्रतिपादिले. ज्याच्या नावाने 'एशेरिकिया कोलाय' हा जंतू ओळखला जातो तोच हा गृहस्थ. पुढे १८९९ ते १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये आंरी तिसिए ह्यास, तसेच एशेरिखचा शिष्य एर्न्स्ट मोरो ह्यास, असे आढळले की अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मलातील जंतू बाटलीच्या दुधावरील मुलांच्या जंतूंहून वेगळे असतात. तिसिएला दिसलेला जंतू टोकाशी दुभंगलेला, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा होता. म्हणून त्यास 'बिफिडस', म्हणजे दुभंगलेला, हे नाव मिळाले.

आता हा जंतू आईच्या दुधावरच इतका का पोसतो, हे कोडे उरले. तिकडे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच कोड्यात होते. मानवी दुधातील साखर गाईच्या दुधातील साखरेशी तंतोतंत जुळत नाही, तिच्यात आणखी काहीतरी मिसळलेले आहे, हे त्यांस जाणवत होते. १९३० च्या आसपास पोलोनोव्स्की आणि लेस्पान्योल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ह्या उरलेल्या भागास 'गायनोलॅक्टोज', म्हणजे स्त्रीदुग्धातील शर्करा, असे नाव दिले. हे दोन धागे एकत्र आले ते १९५४ साली, पॉल जॉर्जी आणि रिखार्ड कून ह्यांच्या कामात. त्या दोघांची कहाणी थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. जॉर्जी हा हंगेरियन ज्यू डॉक्टर, कून हा ऑस्ट्रियात जन्मलेला रसायनज्ञ. दोघांनी हायडेलबर्गमध्ये ब-२ जीवनसत्त्वावर मिळून काम केलेले. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि जॉर्जीला जर्मनी सोडावी लागली. तो आधी इंग्लंडला व पुढे अमेरिकेस गेला. कून हायडेलबर्गमध्येच राहिला आणि १९३८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यास जाहीर झाले. मधल्या काळात जग होरपळून निघाले. युद्ध संपल्यावर फिलाडेल्फियातील जॉर्जी आणि हायडेलबर्गमधील कून हे पुन्हा एकाच प्रश्नावर काम करू लागले, आणि बिफिडस जंतूला वाढविणारा मानवी दुधातील 'बिफिडस घटक' म्हणजे ही आगळी शर्कराच होय, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

ही शर्करा असते कशी? दुधातील मुख्य साखर म्हणजे दुग्धशर्करा, अर्थात् लॅक्टोज. एक लिटर मानवी दुधात ती सुमारे ७० ग्रॅम असते, ती पचते आणि तिच्यावर बाळाचा पिंड पोसतो. ह्या लॅक्टोजच्या मुळाशी इतर शर्करांचे मणी एकेक करून ओवत जावे तशा काही साखळ्या स्तनांतील पेशी तयार करतात. काही साखळ्या सरळ, काहींना फांद्या फुटलेल्या. मणी पाचच जातींचे: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल-ग्लुकोसॅमिन, फ्युकोज आणि सायलिक आम्ल. परंतु त्यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून दीडशेहून अधिक साखळ्या मानवी दुधात ओळखल्या गेल्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांस 'ऑलिगोसॅकराइडे' म्हणतात. येथे शर्करासाखळ्या म्हटले तरी काम भागते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी दूध मुरले की लिटरमागे त्यांचे प्रमाण पाच ते पंधरा ग्रॅम असते, आणि पहिल्या दोनचार दिवसांच्या चिकात तर वीस ते पंचवीस ग्रॅम. म्हणजे लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधातील घन पदार्थांत ह्याच साखळ्यांचा क्रम लागतो. कित्येकदा त्या प्रथिनांनाही मागे टाकतात. गाईच्या नेहमीच्या दुधात त्यांचा शंभरावा हिस्सा भरेल न भरेल.

आणि एवढा पदार्थ बाळाला पचत नाही! जठरातील आम्लाने ह्या साखळ्या तुटत नाहीत, स्वादुपिंडाच्या रसाने तुटत नाहीत, लहान आतड्याच्या भित्तीवरील पाचक द्रव्यांनाही त्या दाद देत नाहीत. शेकडा एक भाग तेवढा रक्तात शोषला जातो. बाकीच्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यापर्यंत उतरतात. बाळंतिणीच्या शरीरातील शक्ती खर्च करून निसर्गाने असा पदार्थ घडवावा आणि तो बाळाच्या अंगी लागू नये, हे प्रथमदर्शनी अव्यवहारी वाटते. एरवी निसर्ग इतका उधळा नसतो. उलगडा असा, की हे पान बाळासाठी वाढलेले नसून त्याच्या पोटी मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यासाठी वाढलेले असते.

पाहुणा म्हणजे तोच तिसिएचा दुभंगलेला जंतू, आणि त्याच्या कुळातही विशेषेकरून 'बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस' ही जात. २००८ साली अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्या जंतूच्या समग्र आनुवंशिक संहितेचे वाचन प्रसिद्ध केले. त्यात जनुकांचा एक मोठा सलग पुंजका असा निघाला की त्याचे काम जवळजवळ एकच: मातेच्या दुधातील शर्करासाखळ्या पकडून आत ओढणे आणि त्यांचा एकेक मणी सोडवून खाणे. इतर बहुतेक जंतूंजवळ हे कौशल्य नाही. साहजिकच आईच्या दुधावरील बाळाच्या आतड्यात ह्या जंतूचे राज्य होते आणि इतरांची उपासमार होते. साखळ्या खाऊन तो लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ले बाहेर टाकतो. आतड्यातील वातावरण आंबट बनते आणि ते वातावरण रोगकारक जंतूंना मानवत नाही. शिवाय ही आम्ले आतड्याच्या पेशींना उपयोगी पडतात, आणि जंतू निर्माण करीत असलेली आणखी काही द्रव्ये आतड्याचा दाह शमवितात असेही दिसून आले आहे.

ह्या साखळ्यांचे दुसरे काम याहून चमत्कारिक आहे. आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांचेच बारीक तुरे असतात, आणि रोगजंतू पेशीला चिकटतो तो ह्या तुऱ्यांना ओळखून. दुधातील काही साखळ्यांची घडण नेमकी ह्या तुऱ्यांसारखी असते. रोगजंतू फसतो, तरंगत्या साखळीलाच घट्ट धरतो आणि तिच्यासह मलावाटे बाहेर पडतो. मेक्सिको शहरात अंगावर पिणाऱ्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्या मातांच्या दुधात एका विशिष्ट प्रकारच्या फ्युकोजयुक्त साखळ्यांचे प्रमाण अधिक, त्यांच्या मुलांत 'कँपिलोबॅक्टर' ह्या जंतूमुळे होणारे अतिसार कमी, असे तीत दिसले.

हे सारे दिवस भरलेल्या मुलाविषयी झाले. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची गोष्ट ह्याहून बिकट आहे. गर्भाच्या आतड्याची लांबी अखेरच्या तीन-साडेतीन महिन्यांत जवळजवळ दुप्पट होते. आतड्याची अन्न पुढे सरकविणारी लयबद्ध हालचालही चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास नीट सुरू होते; चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्या तिन्हींचा मेळ बसतो तोही साधारण तेव्हाच. ज्याचा जन्म अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला त्याच्या आतड्यावरचे संरक्षक बुळबुळीत आवरण पातळ असते आणि पेशीपेशींमधील सांधे ढिले असतात. त्यातच एक विपरीत योग असा, की जंतूंची चाहूल घेणारे 'टी. एल. आर.-४' नावाचे पहारेकरी ह्या कोवळ्या आतड्यात अतोनात जागे असतात. गर्भात असताना त्यांना वेगळे काम असते. परंतु बाहेरच्या जंतूंनी भरलेल्या जगात येताच ते थोड्याशा निमित्ताने आरडाओरडा करतात, दाह भडकतो, रक्तपुरवठा आखडतो आणि आतड्याची भित्ती मरू लागते. चोराला पकडण्याच्या धांदलीत पहारेकऱ्यानेच घराला आग लावावी, तसा हा प्रकार. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की दुधातील काही साखळ्या ह्या पहारेकऱ्यांना थेट शांतवितात. हे त्यांचे तिसरे काम. त्याला मध्यस्थ जंतूंची गरज लागत नाही.

तेव्हा अकालजात मुलाला आईचे दूध मिळाले की प्रश्न सुटला, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. कारण पान वाढलेले असते, पण पाहुणा आलेलाच नसतो. ही मुले बहुधा शस्त्रक्रियेने जन्मतात, जन्मतः त्यांना प्रतिजैविक औषधे सुरू होतात, आईच्या कुशीऐवजी ती पेटीत राहतात. त्यांच्या आतड्यात बिफिडस जंतूंचा शिरकाव उशिरा आणि तुटपुंजा होतो. त्याऐवजी रुग्णालयात वावरणारे जंतू ठाण मांडतात. मग पाहुण्यालाच बाहेरून आणून बसवावे, असा विचार येणे स्वाभाविक होते, आणि जगभर त्याचे प्रयोग झाले. अनेक लहान प्रयोग एकत्र पाहिले तर लाभ दिसतो. परंतु ब्रिटनमध्ये एकतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या तेराशेवर मुलांना बिफिडस कुळातील एक जंतू देऊन पाहिला, तेव्हा त्या मोठ्या प्रयोगात एन. ई. सी. कमी झाला नाही; हा निष्कर्ष २०१६ सालचा. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डॉक्टरांना सावधगिरीचा इशारा दिला, कारण एका अकालजात मुलाच्या रक्तात त्याला दिलेल्याच जंतूचा संसर्ग होऊन ते मूल दगावले होते. जंतू कोणता, किती शुद्ध, कोणत्या दुधाबरोबर, कोणत्या मुलाला, ह्या सर्वांवर गुण अवलंबून आहे. बाजारात मिळणारी 'चांगल्या जंतूंची' पुडी घरच्या घरी अशा मुलाला चाटविणे तर सर्वस्वी धोक्याचे.

भारतातील एक प्रयोग ह्या संदर्भात मोलाचा आहे. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात मुलांवर झालेल्या ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना सात दिवस एक लॅक्टोबॅसिलस जंतू आणि त्याचे खाद्य म्हणून वनस्पतिजन्य शर्करासाखळी असे एकत्र दिले गेले. उरलेल्यांना त्याच रूपाचे निरुपयोगी चूर्ण. रक्तातील जंतुदोष किंवा मृत्यू ह्यांचे प्रमाण शेकडा नऊवरून ५.४ वर आले. मात्र ही मुले दोन किलो वा अधिक वजनाची, दिवस भरलेली अथवा भरत आलेली होती आणि अंगावर पीत होती. तोच गुण किलोभर वजनाच्या मुलात येईल असे ह्यावरून म्हणता येणार नाही.

दीडशे साखळ्यांपैकी एन. ई. सी.पासून वाचविणारी एखादी विशिष्ट साखळी आहे काय, ह्याचाही तपास झाला. २०१२ साली सॅन डिएगो येथील लार्स बोडे ह्यांच्या गटाने उंदरांच्या पिलांवर प्रयोग करून एका साखळीवर बोट ठेवले. तिचे नाव डायसायलिल-लॅक्टो-एन-टेट्राओज. नाव लक्षात न राहिले तरी चालेल. पुढे २०१८ साली २०० माता आणि त्यांची दीड किलोहून कमी वजनाची मुले ह्यांच्या पाहणीत ज्या आठ मुलांना हा रोग झाला, त्यांच्या मातांच्या दुधात हीच साखळी कमी निघाली. २०२१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे रोग झालेल्या ३३ मुलांची निरोगी मुलांशी तुलना केली असता पुन्हा तेच. शिवाय ही साखळी कमी असलेले दूध मिळालेल्या मुलांच्या आतड्यात बिफिडस जंतूंचे राज्य प्रस्थापित होण्यासही अडथळा येत होता. तीन ठिकाणांहून एकच साक्ष मिळाली हे महत्त्वाचे. तथापि ही साखळी वेगळी काढून मुलांना दिल्याने रोग टळतो, हे सिद्ध व्हावयाचे आहे.

येथे एका गैरसमजाला वाव आहे आणि तो सासरमाहेरच्या मंडळींनी करून घेऊ नये. कोणत्या साखळ्या दुधात उतरतील हे आईच्या खाण्यापिण्यापेक्षा तिच्या जन्मजात घडणीवर अधिक ठरते. ज्या जनुकामुळे माणसाचा रक्तगट त्याच्या लाळेतही उतरतो, त्याच जनुकावर दुधातील सर्वांत विपुल अशी एक फ्युकोजयुक्त साखळी अवलंबून असते. आणि साधारणतः पाच स्त्रियांपैकी एकीत ते जनुक काम करीत नाही. अशा स्त्रीच्या दुधात ती साखळी जवळजवळ नसते. इतर साखळ्या असतात, आणि तिची मुलेही उत्तम वाढतात. एखाद्या बाळाला हा रोग झाला तर त्याचा ठपका आईच्या दुधावर ठेवणे, हे अज्ञानाचे तर आहेच, पण क्रूरपणाचेही आहे. रोगाच्या कारणांत दूध हा एक धागा आहे, आणि तोही बहुतांशी तारणारा.

हीच विपुल साखळी आता कारखान्यात तयार होते. आनुवंशिक फेरफार केलेल्या जंतूंकडून ती बनवून घेतात. २०१५-१६ पासून पाश्चात्य देशांतील काही डब्यांच्या दुधांत ती मिसळली जाऊ लागली. शास्त्राच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु डब्यावर तिचे नाव वाचून कोणी त्यास आईच्या दुधाची बरोबरी समजेल तर ती फसगत होईल; दीडशेहून अधिक वाद्यांच्या मेळातून एखाददुसरे वाद्य उचलून आणले म्हणजे मैफल उभी राहत नाही. अशा दुधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे योग्यच झाले.

आता आपल्या घरांकडे वळावे. कित्येक ठिकाणी अजूनही पहिला पिवळसर चीक 'जड' वा 'खराब' म्हणून पिळून फेकून देण्याची आणि बाळाच्या तोंडी आधी मध किंवा घुटी लावण्याची रीत आहे. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने आईचा चीक फेकावा, हे अजबच म्हणावयाचे. ज्या थेंबांत शर्करासाखळ्या सर्वांत दाट, नेमके तेच थेंब वाया जातात. आणि मधात एका विषारी जंतूची बीजे असू शकतात, ज्यांना वर्षाच्या आतील मुलाचे आतडे तोंड देऊ शकत नाही. अकालजात मुलाच्या बाबतीत तर ह्या दोन चुकांची किंमत फार मोठी पडते.

बाळ पेटीत आणि आई दुसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर, अशा स्थितीतही दूध पोचविता येते. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच हाताने वा पंपाने दूध काढण्यास आरंभ करावा आणि दिवसरात्र मिळून सातआठ वेळा काढीत राहावे, म्हणजे पान्हा टिकतो. आईला दूध येण्यास विलंब लागत असेल तर दुसऱ्या मातेचे दूध हा पुढचा मार्ग. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या प्रयत्नाने १९८९ साली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. पेढीत आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. ह्या तापविण्यात जिवंत पेशी मरतात, प्रतिपिंडे आणि लॅक्टोफेरिन बरेच घटते, स्निग्धांश पचविणारे द्रव्य नष्ट होते. शर्करासाखळ्यांना मात्र धक्का लागत नाही. गोठविण्यानेही त्या बिघडत नाहीत. म्हणूनच पेढीचे दूध आईच्या ताज्या दुधाइतके समर्थ नसले तरी डब्याच्या दुधापेक्षा ते कितीतरी उजवे ठरते. जगभरचे प्रयोग एकत्र पाहता, पेढीच्या दुधाऐवजी डब्याचे दूध दिलेल्या अकालजात मुलांत एन. ई. सी.चा धोका जवळजवळ दुप्पट आढळतो. अनेक स्त्रियांचे दूध एकत्र केल्याने एकीच्या दुधात नसलेली साखळी दुसरीच्या दुधातून मिळते, हाही एक फायदा. उणीव एवढीच, की दान देणाऱ्या माता बहुधा बाळंतपणाला काही आठवडे वा महिने उलटलेल्या असतात, आणि त्यांच्या दुधात साखळ्यांचे प्रमाण चिकाच्या मानाने उतरलेले असते.

पहिल्या दिवशी पेटीतल्या बाळाच्या आईला खटपट करून वाटीच्या तळाशी जेमतेम चमचाभर, कधी दोनच मिलिलिटर चीक मिळतो. तो पाहून ती खिन्न होते. 'एवढ्याने काय होणार' असे शेजारच्या खाटेवरचे कोणी म्हणते, आणि डब्याची चर्चा सुरू होते. किलोभर वजनाच्या बाळाला आतड्याची सवय होण्यासाठी पहिल्या दिवसांत नळीवाटे द्यावयाचे दूध असते दिवसाकाठी दहा ते वीस मिलिलिटर. दोन वा तीन तासांनी एकदा, एका वेळी एक-दोन मिलिलिटर. वाटीच्या तळाशी जमलेला तो चीक म्हणजे बाळाचे एका वेळचे पुरते जेवण असते. परिचारिका तो बारीक पिचकारीत ओढून घेते, त्यातला थेंबभर बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूस लावते आणि उरलेला हळूच नळीत सोडते.